तिथी, गाळ आणि समुद्रगवत : खाडीतल्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१९ ऑक्टोबर २०२४ (वद्य द्वितीया, ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास)

जागा : सिंधुदुर्गातल्या एका खाडीचं मुख, उत्तर काठ. कांदळवन संपतं तिथून मुख्य प्रवाहापर्यंतची चिखल-वाळूची पट्टी. खाडीचं नाव नोंदीत मुद्दाम दिलेलं नाही. इथल्या समुद्रगवताची (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, मुळं असलेल्या गवताची) जात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' आहे आणि हा पट्टा इतका अरुंद आहे की पाहायला येणाऱ्यांच्या पायांनीच तो संपेल.

जात : हालोफिला बेकारी. गोव्यात मांडवीच्या खाडीतही हीच. तिथला अभ्यास १९८१ साली छापून आला होता. लांबून पाहिलं तर शेवाळाचा थर वाटतो, म्हणून बसून बघायचं. पानं सेंटिमीटरभर लांब, मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद, देठाच्या टोकाला सहा ते दहाच्या झुबक्यात. मधली शीर ठळक, आडव्या शिरा नाहीत. पानं जोडीने आली, लंबगोल असली आणि आडव्या शिरा दिसल्या तर ती हालोफिला ओव्हॅलिस. उपटून पाहिल्यावर आडवं खोड आणि मुळं निघाली तर ते गवत. नुसतं चिकटलेलं बूड निघालं तर शेवाळ.

आखणी : प्रचलित पद्धतीत ५० मीटरच्या तीन समांतर रेघा २५ मीटर अंतराने टाकतात. इथे गवताची अख्खी पट्टीच तेवढी रुंद नाही. म्हणून तीन रेघा काठाला समांतर, पण उंचीप्रमाणे टाकल्या : वरची कड, मधली, खालची कड. उंचीतला फरक गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने काढला. पाइपात बुडबुडा राहिला तर माप चुकतं. आधी पूर्ण भरून, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहायचं. वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे अर्धा मीटर फरक आला. पुढची सगळी नोंद या अर्ध्या मीटरभोवतीच फिरणार आहे.

फोनचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे जातं. अशा पट्टीवर त्याचा उपयोग जागेवर पोचण्यापुरता. रेघांची टोकं पांढऱ्या चिपीच्या दोन जुन्या झाडांपासून टेपने मोजून लिहिली. खुंट फायबरचे, चिखलावर फक्त बोटभर वर. उंच ठेवले तर पागणाऱ्याचं जाळं अडकतं आणि मग खुंटही जातो, जाळंही.

९ नोव्हेंबर २०२४ (शुद्ध अष्टमी, ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास)

आज उजेडाचं काम.

कोकणात भरतीची वेळ काढायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. मासेमारीसाठीचा हा हिशेब गवतासाठी त्याहून मोलाचा आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भर दुपारी भरती असते आणि खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे पट्टी उघडी पडते तेव्हा ऊन कोवळं असतं आणि ऊन डोक्यावर येतं तेव्हा गवतावर सर्वांत जास्त पाणी असतं. अष्टमीच्या भांगात (चढउतार कमी असतो तेव्हा) उलटं : दुपारी ओहोटी, पण उथळ. खालच्या कडेवर गुडघ्याखाली पाणी राहतं, वरची कड उघडी पडते.

आता त्यात गढूळपणा घाला. उधाणात ओढ जोराची, त्यामुळे गाळ उठतो. भांगात पाणी संथ, गाळ बसतो.

मोजमाप : सेकी तबकडी, २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची. पाण्यात सोडत जायची, दिसेनाशी होते ती सेकीची खोली. गवतावर ४० सेंटिमीटर पाणी असताना तबकडी तळाला टेकली तरी दिसत राहते. तो आकडा निरुपयोगी. वाचन शेजारच्या खोल प्रवाहात घ्यायचं, होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते बारात. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की लाटा काठाचा गाळ ढवळतात आणि वाचन निम्म्यावर येतं.

हिशेब : १.७ ला सेकीच्या खोलीने (मीटरमध्ये) भागलं की प्रकाश घटण्याचा गुणांक मिळतो. फार गढूळ पाण्यात १.७ ऐवजी १.४ च्या आसपासचा आकडा जास्त जुळतो, पण तुलना करायची तर एकच आकडा धरून ठेवावा.

- उधाणाची दुपार : सेकी ५५ सेंटिमीटर, गुणांक ३.१, खालच्या कडेवर पाणी १.८ मीटर. तळाशी पोचतो पृष्ठभागाच्या अर्धा टक्काही नाही एवढा उजेड.
- भांगाची दुपार : सेकी १ मीटर, गुणांक १.७, पाणी ०.४ मीटर. तळाशी ५० टक्के.

समुद्रगवतांना सरासरीने पृष्ठभागाच्या ११ टक्के उजेड लागतो असं मानतात. हालोफिला त्याहून कमीवर भागवते. तरी अर्ध्या टक्क्यावर कोणीच जगत नाही. म्हणजे खालची कड उधाणाच्या चार-पाच दुपारी उपाशी असते आणि भांगात पोट भरते. नुसत्या महिन्याच्या सरासरीत हे दिसणारच नाही. प्रत्येक वाचनापुढे तिथी लिहिणे सक्तीचं.

पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो. देशातली समुद्रगवताची बरीचशी माहिती तिथून आलेली असल्याने 'अमुक मीटर खोलीपर्यंत वाढतं' अशी वाक्यं सर्रास वाचायला मिळतात. फरक दोन मीटरच्या आसपास असलेल्या या किनाऱ्यावर नुसती खोली सांगून काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर २०२४ (वद्य प्रतिपदा)

चौकटींची पहिली पूर्ण फेरी. चौकट ५० बाय ५० सेंटिमीटर, अर्ध्या इंची पीव्हीसीची, पाइपला भोकं पाडलेली म्हणजे तरंगत नाही. आत दर १० सेंटिमीटरवर दोरा, २५ घरं, प्रत्येक घर ४ टक्के. दर ५ मीटरवर एक, रेघेवर ११, एकूण ३३.

आच्छादन वाचताना पानांवर बसलेला गाळ आधी हाताने पाणी हलवून धुवायचा. चिखल चढलेली बेकारी डोळ्याला निम्मीच दिसते. शेवाळ वेगळ्या रकान्यात. दोघांनी स्वतंत्र अंदाज लिहायचा. १० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर फोटो लावून पुन्हा. फोटो सरळ वरून, सूर्य पाठीशी नको, सावली चौकटीत पडते.

मधल्या रेघेवर गवत सर्वांत दाट. वरच्या कडेला तुकडे-तुकडे. खालच्या कडेला विरळ, पण झुबके उंच आणि देठ लांब : उजेड कमी असल्याची खूण.

१७ डिसेंबर २०२४ (वद्य द्वितीया)

गाळ. तिन्ही रेघांवरून कोअर (पाइपात थरांसकट उचललेला गाळ) काढले : १५ सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी, कडा तासून धार केलेली, १० सेंटिमीटर खोल. हालोफिलाची मुळं वरच्या पाच सेंटिमीटरमध्येच असतात, दहाहून खोल जाऊन फक्त चिखल उचलणं होतं. पाइप दाबायचा नाही, फिरवत उतरवायचा. नुसता दाबला तर आतला गाळ खाली बसतो आणि थर चुकतात. वरचं तोंड रबरी बुचाने बंद करून मगच उपसायचा.

उभा चिरल्यावर दिसतं ते असं : वर फिकट तपकिरी थर, खाली काळा. काळा थर म्हणजे प्राणवायू संपलेला, सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. गवत असलेल्या जागी काळा थर खाली सरकलेला असतो आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक मुळाभोवती केसाएवढी तपकिरी कड दिसते. दिवसा पानांत तयार झालेला प्राणवायू मुळांतून झिरपतो आणि सल्फाइडला रोखून धरतो. रात्री हा पुरवठा थांबतो. तेव्हा भोवतालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायूच कामी येतो. पाणी साचलेलं, उबदार आणि सेंद्रिय कचऱ्याने भरलेलं असेल तर पहाटे तोही संपतो आणि विष मुळांतून देठात चढतं. अशा वेळी झुबका बुडाशी कुजतो, पानं मात्र हिरवी राहतात. ओढल्यावर अलगद हातात आलं तर हेच समजायचं.

कणांची मोजणी : ओला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वर राहिली ती वाळू, खाली गेला तो गाळ-चिकणमाती. सेंद्रिय भाग मोजायला वाळवलेला नमुना ५५० अंशांवर चार तास भट्टीत, वजनातली घट लिहायची. शिंपल्यांचे तुकडे आधी वेचून काढणे.

गवताचा नमुना ६० अंशांवर ४८ तास, वजन स्थिर होईपर्यंत. ओव्हनमध्ये टाकण्याआधी गोड्या पाण्यातून झटपट काढायचा, नाहीतर मिठाचं वजन गवतात धरलं जातं. भिजत ठेवायचा नाही.

५ फेब्रुवारी २०२५ (शुद्ध अष्टमी)

लॉगरची (उजेड आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रांची) जोडी उतरवली. एकाच दांड्यावर दोन, उभं अंतर ३० सेंटिमीटर, दर १५ मिनिटांनी नोंद. दोन्ही वाचनांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग घेऊन अंतराने भागलं की गुणांक थेट मिळतो, सेकीची गरज राहत नाही. हे लॉगर लक्समध्ये मोजतात. उघड्या उन्हासाठी ५४ ने भागून वनस्पतीच्या उपयोगाचा प्रकाश काढतात. पाण्याखाली रंगांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे तो आकडा अंदाजी.

अडचण काचेवरची. आठवड्यात बुळबुळीत थर, दुसऱ्या आठवड्यात बार्नॅकलची पिल्लं. खालचा लॉगर जास्त माखतो, मग गुणांक खोटा वाढतो. नियम : पहिल्या सात दिवसांचीच माहिती वापरायची, काढताना एक वाचन माखलेल्या काचेचं आणि एक पुसल्यावरचं. दोन्हींत फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर शेवटचे दिवस टाकून द्यायचे.

मधल्या रेघेच्या पूर्व टोकाला हिरव्या तंतुमय शेवाळाची गादी. वरच्या अंगाला कोळंबीची तळी आहेत. पीक काढताना तळं रिकामं केलं की खताळ पाणी खाडीत येतं. हिवाळ्यात खाडीत गोडं पाणी कमी येतं, त्यामुळे ते लवकर वाहून जात नाही. नायट्रोजन मिळाला की शेवाळ गवतापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं आणि वरून झाकण घालतं. गादीखाली हात घातला तर पाणी कोमट, चिखल काळा अगदी वरपर्यंत. पाण्याचे नमुने ०.४५ मायक्रॉनमधून गाळून जागेवरच बर्फात. न गाळता नेलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सूक्ष्मजीवच नायट्रेट खाऊन टाकतात.

गादी हाताने काढू नये. तंतू गवताच्या देठांना गुंतलेले असतात, सोबत गवतही येतं.

१५ मार्च २०२५ (वद्य प्रतिपदा)

शिमग्याची सुट्टी, काठावर वर्दळ. तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका मुख्यतः वाळूच्या उंचवट्यावर खणतात, गवतात फारशा येत नाहीत. मुळांच्या जाळ्यात खुरपी चालवणं त्यांनाही जड जातं. नुकसान जास्त दिसलं ते होड्यांचं. ओहोटीत टेकलेल्या होडीच्या बुडाचा चर आणि नांगर ओढल्याची रेघ. चरात पाणी साठतं, कड ढासळते आणि चर रुंदावत जातो. तीन चरांची लांबी-रुंदी-खोली घेतली, पुढच्या फेऱ्यांत त्याच जागी घेणे.

समुद्रगवताचे पट्टे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) १-अ मध्ये येतात. कागदावर हे संरक्षण सर्वांत कडक, पण नकाशावर पट्टा दाखवलेला असेल तरच. म्हणून कडेची रेघ चालत जाऊन दर पाच मीटरला टिपली.

खाडीच्या वरच्या भागातल्या वाळूउपशाचा परिणाम इथे दोन प्रकारांनी येतो : उपसा चालू असताना बारीक गाळ खाली येतो, आणि खड्डे पडले की पुढची काही वर्षं वाळू तिथेच अडकून मुखाशी काठ झिजतो. आत्ता गाळ दिसतो आहे.

५ एप्रिल २०२५ (शुद्ध अष्टमी, ओहोटी दुपारी बारा)

नोव्हेंबरमध्ये ज्या दुपारच्या भांग-ओहोटीने खालच्या कडेला पोसलं, तीच आता वरच्या कडेला भाजते. पावलाएवढ्या डबक्यात पाण्याचं तापमान ३९ ते ४१ अंश. चिखलात दोन सेंटिमीटरवर ३५. हालोफिलासारख्या नाजूक जातींत ४० च्या आसपास तास-दोन तास राहिलं की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. आडवं खोड वाचतं ते या वरच्या दोन सेंटिमीटर चिखलामुळे.

तापमापक मोजताना छत्रीच्या सावलीत धरायचा. उन्हात धरला तर नळीच तापते. डबक्याची क्षारताही घ्यायची : बाष्पीभवनाने ती दर हजारी ४० च्या वर चढते. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणल्याशिवाय एकही थेंब वाचू नये, आणि उपकरण स्वतः उन्हात तापलेलं नको.

पानावरून कारण ओळखण्याचा तक्ता वहीच्या आतल्या पानावर चिकटवला :

- टोकापासून पांढरट-तपकिरी, कागदासारखं चुरगळतं : ऊन आणि कोरडेपणा.
- देठ लांब, झुबका विरळ, पान पातळ : उजेडाची कमतरता.
- देठाचा खालचा भाग पांढरा, वर हिरवा : वाळूखाली गाडलं गेलं.
- बूड काळं, वर हिरवं, ओढताच सुटतं : सल्फाइड.
- पान मऊ, काचेसारखं पारदर्शक : गोडं पाणी.

दोन कारणं एकत्र आली तर बुडाकडची खूण आधी वाचायची.

२१ एप्रिल २०२५ (वद्य अष्टमी)

वरच्या कडेच्या ११ पैकी ७ चौकटी पूर्ण तपकिरी. आडवी खोडं कापून पाहिली, आत पांढरी, जिवंत. मधल्या रेघेला फरक नाही.

१४ मे २०२५ (वद्य द्वितीया)

फुलं-फळं. बेकारीत नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, झुबक्याच्या बुडाशी, भिंगाशिवाय सापडत नाहीत. फळात एक ते चार बिया, बी मिलिमीटरभर. मधल्या रेघेवर फळं बरीच, पण पुष्कळशी अजून कोवळी. पावसाळ्यात वरचं गवत जाणार हे धरून चालायचं. ऑक्टोबरचं गवत येतं ते गाळात राहिलेल्या बियांवर आणि कुठे तग धरलेल्या खोडांवर.

बियांसाठी कोअरचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर. एक मिलिमीटरची चाळणी वापरली तर निम्म्या बिया पाण्याबरोबर जातात. चिमट्याने हलका दाब द्यायचा : टणक ती जिवंत, फुटली ती रिकामी.

पावसाळ्याआधी सळई-वॉशर बसवले, प्रत्येक रेघेवर तीन. स्टेनलेस सळई मीटरभर, ७० सेंटिमीटर आत. वर सैल वॉशर सोडून दिलेला. पुराने वाळू धुपली की वॉशर खाली उतरतो. नंतर भर पडली की त्याच्यावर साचते. सळईच्या टोकापासून वॉशरपर्यंतचं अंतर बसवतानाच्या ३० सेंटिमीटरपेक्षा जितकं वाढलं ती सर्वांत जास्त धूप, वॉशरवरचा थर म्हणजे भर. एकाच मापाने दोन्ही मिळतात. साधं लोखंड गंजून वॉशर अडकतो.

२८ मे २०२५ (शुद्ध द्वितीया)

मोसमी पाऊस यंदा २४ मे रोजी केरळात आणि २५ ला देवगडपर्यंत. दक्षिण कोकणात एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. त्याआधीच्या पावसाने खाडी लाल झालेली.

क्षारता, भरतीच्या वेळी : पृष्ठभाग ३, तळाशी ११, गाळातलं पाणी २४. तिन्ही वेगवेगळी घ्यायची. गोडं पाणी हलकं, वर तरंगतं. बादलीने वरचं उचललं तर खाडी गोडी झाली असंच वाटेल. तळाचं पाणी काठीला बांधलेल्या बाटलीने : बूच दोरीने वर ओढायचं, बाटली खाली भरते. गाळातलं पाणी जाड सुती कापडातून पिळून दोन थेंब.

बेकारी क्षारतेचा मोठा चढउतार सोसते, म्हणूनच ती खाडीत आहे. पण ओहोटीत हेच पृष्ठभागाचं पाणी थेट पानांवर येतं. मधल्या रेघेवर पानं मऊ आणि काचेसारखी, गाळातली खोडं अजून घट्ट. सेकी १२ सेंटिमीटर. कोवळी फळं झुबक्यांसकट सुटून काठाच्या कचऱ्यात आलेली. भिंगाखाली बहुतेक रिकामी.

पावसाळ्यात काम बंद. लॉगर काढून घेतले.

९ ऑक्टोबर २०२५ (वद्य तृतीया, ओहोटी सव्वा आठच्या सुमारास)

सळया सगळ्या सापडल्या, एक तिरकी झालेली; तिचं वाचन धरलं नाही.

खालची कड : धूप ४, वर भर ७ सेंटिमीटर, ताजी भरड वाळू. रोप एकही नाही. एवढ्या थराखालून मिलिमीटरभर बीचा कोंब वर येऊ शकत नाही.

मधली : भर दीड-दोन सेंटिमीटर. दोन ते चार पानांची रोपं, पण गेल्या ऑक्टोबरपेक्षा स्पष्ट विरळ. वाळू इथे फारशी आड आलेली नाही. मे महिन्यात फळं पिकायच्या आत पाणी गोडं झालं, त्याचा हा हिशेब. चाळणीवर टणक बियाही कमीच.

वरची कड : एप्रिलमध्ये जळालेल्या चौकटींतल्या दोन ठिकाणी जुन्या खोडातून फूट. बाकी जागी काही नाही. फेब्रुवारीतली शेवाळाची गादी पुराने गेली, तिच्याखालची जागा मात्र मोकळीच, वरपर्यंत काळी.

मार्चमधल्या तीन चरांपैकी दोन भरून आले. तिसरा प्रवाहाच्या दिशेत आहे, तो लांबीला वाढला.

रेघा हलवायच्या नाहीत. खालच्या कडेच्या ११ चौकटी शून्य लिहून चालू ठेवायच्या. रेघ गवताच्या मागे सरकवली तर पुढच्या वर्षी पट्टी आक्रसली की नाही हे कधीच कळणार नाही. फळांची पाहणी यापुढे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि पुन्हा मेच्या पहिल्या आठवड्यात. सळया एप्रिलमध्येच लावणे.

१४ ला अष्टमी, ओहोटी दुपारी. लॉगरची जोडी खालच्या कडेला, नवीन वाळूवर पाणी किती राहतं ते लेव्हल पाइपने पुन्हा मोजून मग. तिरक्या सळईच्या जागी सव्वा मीटरची.